जेवतीचा धोंडा

शिरसखोलला येणारा पाहुणा ओढ्यावरचा साकव ओलांडतो आणि आधी ह्या सातविणीखाली थांबतो. झाडाखालचा काळा, बसका धोंडा बघून त्याला वाटते, बसायलाच ठेवलाय. तुम्हीही बसलात. उठा म्हणतो म्हणून राग मानू नका, पाठ टेकायला पलीकडे देवळाची पायरी आहे. ह्याला आम्ही जेवतीचा धोंडा म्हणतो. एरवी ह्याच्यावर कोणी बसत नाही, गुरे राखणारी पोरेही नाहीत. वर्षातून एकदा, दिवाळीच्या पहिल्या सकाळी, ह्याच्यावर एक बाई बसून पोटभर जेवते, आणि सगळा गाव उपाशीपोटी उभा राहून तिच्याकडे बघतो.

तुमच्याकडची दिवाळी मला ठाऊक आहे. चकली कढईतून ताटात पडायच्या आत दोघांनी तिचे तुकडे केलेले असतात, आणि 'मीठ बरोबर आहे का बघतो' म्हणत घरातली कर्ती माणसे निम्मा डबा संपवतात. आमच्याकडे ते चालत नाही. नरकचतुर्दशीला आम्ही चावदिस म्हणतो. पहाटे अंघोळी होतात, तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावतात, घरोघरी पोहे, तळलेली गोड बोरे, गुळाची खांडवी तयार असते. पण घास कोणी तोंडात घालत नाही. प्रत्येक घरातून थोडे थोडे इथे आणतात. गावातली सगळ्यांत वयस्क बाई धोंड्यावर बसून ते खाते आणि मग सातविणीची सावली धोंड्यावरून सरेपर्यंत नुसती बसून राहते. समोर तिची सून बसते, मांडीवर पदर पसरून. सून नसेल तर शेजारची बसते. पोरे भुकेने रडतात, त्यांना रडू देतात. मोठ्यांनी मात्र चेहरा पाडायचा नाही, डोळ्यांत पाणी आणायचे नाही.

गेल्या साली कोणी एकाने विचारले, हा कुठल्या देवाचा नैवेद्य? देवाचा नव्हे. उलट आमच्या देवाचा तांदूळ एकदा ह्या धोंड्यावर खाल्ला गेला, तेव्हापासून देवही बिचारा मागाहून जेवतो. बसा, सांगतो. मी जसे ऐकले तसे.

गोष्ट फार जुनी. साल कोणी सांगत नाही, आणि जो सांगेल तो खोटे सांगतो असे समजा. त्या वर्षी म्हणे दसरा आला तरी पाऊस गेला नाही. मळ्यातले भात उभ्याचे आडवे झाले आणि पाण्यात पडल्या पडल्या त्याला मोड आले. गुरांवर रोग आला, गोठे ओस पडले. घाटाची वाट दरडीखाली गेली आणि खाली नदीला उतार मिळेना. आजूबाजूच्या वाड्यांची तीच गत होती, तेव्हा मागायचे तरी कोणाकडे? गावाजवळ उरला तो डोंगराच्या उतारावरचा हरीक.

हरीक तुम्ही खाल्ला नसेल. वरीसारखे बारीक दाणे असतात, काही ठिकाणी त्याला कोद्रा म्हणतात. खडकाळ जागेत येतो, हाल सोसतो, गरिबाचे पोट भरतो. पण त्याची एक खोड आहे. पिकताना पाऊस लागला, किंवा कापून रचलेली उडवी आतून ओली राहिली, की तो माजतो. वरून काही कळत नाही. खाल्ल्यावर माणूस दारू प्यायल्यासारखा झिंगतो, डोळे फिरतात, अंग थरथरते, हातपाय गार पडतात. कोणी दुसऱ्या दिवशी उठून बसतो, कोणी उठतच नाही. हे सगळ्या गावाला ठाऊक होते. पण ठाऊक असणे वेगळे, आणि पोटात आग पडलेली असताना ते आठवणे वेगळे.

गावात आवडू नावाची एक म्हातारी होती. घरात मुलगा भिवा, सून द्वारकी आणि भिवाची पोर बाबली. बाबली जेमतेम चार पावसाळ्यांची असेल. तिची सवय अशी की आजीच्या पदराचे टोक तोंडात धरल्याशिवाय तिला झोप येत नसे. आवडूचे सगळे पदर एका कोपऱ्याला चोखून विरलेले असायचे.

दसऱ्याला आमच्याकडे नवे करतात. नव्या धान्याची कणसे दाराला बांधायची आणि नवा दाणा शिजवून खायचा. त्या वर्षी भाताचा दाणा कुठला? सणाच्या दिवशी घराला नवे मिळाले नाही असे नको, एवढ्यासाठी आवडूने उडवीतला हरीक ओढला, तो धड न वाळवताच कांडला आणि शिजवला. पहिला घास घरच्या पुरुषाने घ्यायचा ही रीत. भिवा जेवला. बायका अजून वाढून घेत होत्या. तो हात धुवायला उठला, दारापर्यंत गेला आणि चौकट धरून खाली बसला.

"आये, घर फिरता गे," एवढेच तो बोलला. दिवस मावळायच्या आत तो गेला.

बाबलीपुढे वाढलेले ताट द्वारकीने उचलून चुलीत ओतले. त्यानंतर तिने सासूला एका शब्दानेही दोष दिला नाही. शिव्या दिल्या असत्या, कपाळ फोडून घेतले असते, तर म्हातारीला बरे वाटले असते. सून गप्प राहून पाणी भरत होती, पाने खुडून आणत होती, आणि तिचे ते गप्प राहणे आवडूला आतून पोखरत होते. आपल्या हाताने शिजवलेले आपला मुलगा खाऊन मेला, ह्यावर बाईने काय बोलायचे?

भिवा गेला आणि मग पाऊस उघडला. काय उपयोग! गावाने कंद उकरून खाल्ले, फणसाच्या राखून ठेवलेल्या आठळ्या संपवल्या, झाडांचा कोवळा पाला ओरबाडला. पोरांची पोटे घागरीसारखी फुगली आणि पाय काटक्यांसारखे झाले. एक दोन म्हातारी माणसे निजली ती उठली नाहीत. आणि घरोघरी उडव्यांत हरीक पडून होता, ज्याच्याकडे बघायची भीती वाटे. शेवटी धाकू गावकराने माणसे देवळात जमवली. हा धाकू म्हणजे गावाचा मानकरी. करडा पण सरळ माणूस, असे सांगतात.

"सगळो न्हयत नेवन ओता," तो नदीकडे हात करून म्हणाला. "दारात ऱ्हवलो तर कोण ना कोण भुकेन खातलो, आणि मरतलो."

तेव्हा आवडू उठून उभी राहिली. मुलगा गेल्यापासून ती चारचौघांत बोलली नव्हती.

"ओतून टाकशात, आणि मगे खाशात काय? धोंडे?"

ती म्हणाली, माझ्या माहेरी माजलेला हरीक उतरवीत असत. पाण्यात टाकून वर तरंगेल तो दाणा फेकायचा, उरलेला शेणकाल्यात भिजवायचा, पाण्यामागून पाणी बदलून धुवायचा, तापल्या कातळावर वाळवायचा आणि भाजून मग कांडायचा. हे तिने लहानपणी पाहिले होते. आता लहानपणी पाहिलेले किती खरे आणि किती विसरलेले, हे तिचे तिलाही माहीत नव्हते. पण माझ्या हाताने एक गेला, ती म्हणाली, आता त्याच हाताने करते आणि आधी मीच खाते. मेले तर ओता.

गावकराने तिच्या काटकुळ्या हातापायांकडे पाहिले. मग त्याने विचारले,

"तू पडलंस तर हरकान पडलंस काय भुकेन, ह्या आमका कसा कळतला? आजकाल गावात माणूस वाऱ्यानसुद्धा पडता."

खरेच होते. उपाशी माणसाचे डोके तसेही गरगरते, पाय तसेही लटपटतात. उपाशी माणसावर हरकाची परीक्षा होत नाही. त्यासाठी पोट भरलेला, अंगात धग असलेला माणूस हवा. आणि असा माणूस सगळ्या पंचक्रोशीत नव्हता. तो घडवायला हवा होता.

मग गावाने ठरवले ते असे. देवळात दिवाळीच्या नैवेद्याचा जुना तांदूळ हंडीत राखलेला होता. सगळ्या गावाला वाटला असता तर प्रत्येकाला चिमूटभर आला असता आणि कोणीच वाचले नसते. तो तांदूळ एकट्या आवडूला जेवू घालायचा, तिच्या अंगात जीव भरायचा, आणि मग तिला हरीक द्यायचा. "देवाक उपाशी ऱ्हवाची सवय आसा," गावकर म्हणाला. आणि कोणाला संशय नको म्हणून तिने चव्हाट्यावर, सगळ्यांसमोर, ह्या धोंड्यावर बसून जेवायचे.

लोकांच्या कल्याणासाठी उपास करणारी माणसे आपल्याला ठाऊक आहेत. आमच्या गावासाठी आवडूला जेवावे लागले. आता तुम्हीच सांगा, कोणते सोपे?

रोज सकाळी तिच्यापुढे वाफाळता भात येई. सातवीण फुलली होती, पण भाताच्या वासापुढे त्या फुलांचा उग्र वासही कोणाला येईना. चहूबाजूंनी पोरे येऊन बसत. रडत नसत, रडायची ताकद नव्हती. नुसती घासाबरोबर मान वर खाली करीत. आवडूच्या घशाखाली भात उतरत नसे. ती पाण्याच्या घोटाबरोबर तो ढकलीत असे, आणि दर घासाला तिला वाटे की आपण कोणाच्या तरी पोराचे मांस खातो आहोत. बायका तिला जेवती म्हणू लागल्या. शेजारची कासू तर तोंडाची फाटकी होती. तिचा पोरगा नारू भुकेने अंगणात पडून असायचा.

"भरला काय गे पोट, जेवते?" ती येता जाता विचारी. "ढेकर दी, आमी वास तरी घेतंव."

आवडू मान खाली घालून ऐके. बाबली समोरच द्वारकीच्या मांडीवर असे. तिला कळत नव्हते की रोज आपल्या तोंडात आधी घास घालणारी आजी आता एकटी का जेवते. ती हात पुढे करी. द्वारकी तो हात धरून आपल्या पदराखाली घेई.

इथे म्हातारी चुकली. माझी आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा इथे थांबून म्हणायची, चुकली म्हणू नका, आजी झाली म्हणा. आवडू शेवटचे घास गिळीनाशी झाली. ती ते गालात धरून, तोंड मिटून घरी जाई आणि दाराआड बाबलीच्या तोंडात घाली, चिमणी पिलाला भरवते तसे. आधी एक घास, मग दोन, मग जेवढा गालात मावेल तेवढा. द्वारकी बघत असे आणि पाठ फिरवीत असे. बाबलीच्या डोळ्यांत जरा जीव आला. आणि ज्या आवडूच्या अंगात गाव जीव भरू पाहत होता ती आतून रिकामीच राहिली.

हंडीतला तांदूळ संपला. आवडूने तोवर हरीक धुऊन, वाळवून, भाजून, कांडून तयार केला होता. तिने धोंड्यावर बसून तो खाल्ला आणि सावली सरेपर्यंत ती टिकते का, हे बघत सगळा गाव बसला. सातविणीची सावली धोंड्यावरून निम्मी सरली असेल नसेल, आवडूचा तोल गेला. ती डाव्या अंगावर कोसळली.

देवाचा तांदूळ गेला होता, पोरांच्या डोळ्यांदेखत गेला होता, आणि हाती काय लागले? माणसे निमूटपणे उठली, टोपल्या आणल्या, आणि घरोघरचा हरीक काढून नदीकडे चालू लागली. आवडूला शुद्ध आली तेव्हा तिला टोपल्यांची ती रांग दिसली. ती चार पावले चालली, पडली, मग गुडघ्यांवर रांगत वाटेत जाऊन आडवी झाली.

"मी हरकान नाय पडलंय," ती म्हणाली. "भुकेन पडलंय. माजो भात मी आमच्या चेडवाक, बाबलीक घातलंय."

रांगेतल्या माणसांनी टोपल्या खाली ठेवल्या. मग कासू पुढे आली. ती शिवी देणार असेच सगळ्यांना वाटले. पण तिने शिवी दिली नाही.

"माजो नारू तुज्या तोंडाकडे बघीत रवलो," एवढेच तिने म्हटले आणि ती वाटेतच बसली.

गावकर म्हणाला, आता खरे काय नि खोटे काय. पुन्हा बघायचे तर पुन्हा जेवू घालायला हवे, आणि गावात आता दाणा नाही. ओता. माणसांनी टोपल्या परत उचलल्या.

तेव्हा द्वारकी उठली. बाबलीला तिने कासूच्या मांडीवर ठेवले, घरात गेली आणि एक पुरचुंडी घेऊन आली. तिच्यात जुना तांदूळ होता, एका माणसाला दोन वेळा पोटभर होईल एवढा. भिवा गेला त्या दिवशीच तिने तो लपवला होता आणि त्यातले चार दाणे रोज शिजवून ती बाबलीला पेज पाजत होती. आजीचे गालातले घास आणि आईची ही पेज, ह्यांवर ते पोर तगले होते. गावकराने पुरचुंडी पाहिली आणि टोपल्या खाली ठेवायची खूण केली.

द्वारकीने तिथेच तीन दगड मांडून भात शिजवला. बाबलीसाठी पेजही वेगळी काढली नाही. धोंड्यावर सासूला बसवून ती स्वतःच्या हाताने तिला भरवू लागली. बाबलीला वास आला. तिने कासूच्या मांडीवरून तोंड उघडले आणि ते तसेच उघडे ठेवले. आवडूची नजर तिकडे गेली. घास तोंडात फिरू लागला.

"आये, तिच्याकडे बघू नकात," द्वारकी म्हणाली. "माज्याकडे बघीत जेवा. आणि गिळा. माज्यासमोर गिळा."

भिवा गेल्यानंतर सून सासूशी बोलली ती ही पहिली गोष्ट. आवडूने तिच्या डोळ्यांत बघत घास गिळला. मग दुसरा. सगळा भात गिळला. संध्याकाळी पुन्हा तसेच. बाबलीला द्वारकीने तुळशीचे पान घालून कोमट पाणी पाजले.

उजाडले ते चावदिसाचे. अंघोळीला कोणाच्या घरी उटणे नव्हते, तेल नव्हते. तरी माणसांनी गार पाणी अंगावर घेतले आणि कारीट फोडले. कडू जिभेला लावताना कोणीतरी म्हणाले म्हणे, ह्या सालात हे वेगळे कशाला? आवडूने हरकाचा रवा काढला. नुसताच शिजवते, असे द्वारकी म्हणाली, तर म्हातारी हटून बसली.

"मरतलंय तर सणाचा खावन मरतलंय. गोडाशिवाय चावदिस नाय."

गूळ कुठला? कासू उठली आणि घरातून गुळाचा एक खडा घेऊन आली. नारूच्या जिभेला लावायला तिने तो राखला होता. तिने तो आवडूच्या हातावर ठेवला आणि तिच्याकडे न बघता मागे जाऊन उभी राहिली. त्या गुळात आवडूने हरकाची खांडवी शिजवली, पानावर थापली, वड्या पाडल्या. वास सुटला तेव्हा उभी माणसे पुढे झुकली. गावकराने काठी आडवी धरली.

आवडू पोटभर जेवली. उरलेल्या वड्या तिच्या आणि द्वारकीच्या मधे पानावर तशाच होत्या. द्वारकी समोर बसली होती, बाबली मांडीवर, वर पदर. सावली अजून धोंडाभर होती.

आवडू आपल्या अंगाकडे लक्ष देऊन बसली. डोळ्यांपुढे झाड स्थिर आहे का? आहे. बोटे थरथरतात का? नाही. कपाळाला घाम आला तो उकाड्याचा की कसला? तिने दोन्ही हातांनी धोंडा धरला. पदराखालून बाबलीची धाप तिला ऐकू येत होती. उथळ, भरभर. एकदा पदर हलला आणि पोरीचा डोळा दिसला. ती खांडवीकडे बघत होती. द्वारकीने हात लांब केला असता तर पान तिथेच होते, हाताच्या टप्प्यात. तिचा हात एकदा उचलला गेला, आवडूने पाहिले. भिवापुढचे ताट दोघींनाही आठवले असेल. द्वारकीने हात मागे घेतला.

सावली निम्मी सरली. मागच्या खेपेला ती इथेच पडली होती.

आणि मग बाबलीची धाप ऐकू येईनाशी झाली. पदराखालून एक हात घसरला आणि बाहेर लोंबला. तळवा वर, बोटे उघडी. आवडूने आयुष्यात पुष्कळ माणसे मांडीवरून पोचवली होती. झोपलेल्या पोराचा हात कसा पडतो आणि हा कसा पडला, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. द्वारकीने तो हात उचलला, पदराखाली घेतला आणि वर सासूकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हते. मग तिने ओठ हलवून हसल्यासारखे केले.

"निजला हा, आये," ती म्हणाली. "चेडू निजला हा."

तिला सासूला सांभाळायचे होते. म्हातारीने हंबरडा फोडला, तिच्या छातीत कळ आली, ती भोवळ येऊन पडली, तर गाव म्हणणार हरकाने पडली. मग टोपल्या नदीत जाणार. बाबलीचा भात फुकट जाणार. आणि आवडूला सुनेला सांभाळायचे होते. आपल्याला कळले आहे हे तिला कळले तर ती धीर सोडील. म्हणून ती म्हणाली, "निजांदे. उठव नको."

दोघी एकमेकींकडे बघत बसल्या. रडायचे होते आणि दोघी रडल्या नाहीत. आवडूच्या नखांतून रक्त आले इतका तिने धोंडा दाबून धरला होता. कासूला दिसले होते, गावकराला दिसले होते. हळूहळू सगळ्यांना कळले. एकाही बाईने डोळ्याला पदर लावला नाही. सावली तेवढी आपल्या चालीने सरत होती, जराही घाई न करता.

शेवटची सावली धोंड्यावरून उतरली आणि आवडू लख्ख उन्हात उभी राहिली. पाय डगमगला नाही. तिने सगळ्यांना दिसेल असे दोन पावले चालून दाखवले.

"चुली पेटवा," ती म्हणाली.

मग तिने पानावरची एक वडी उचलली आणि द्वारकीपुढे गुडघ्यावर बसली. पदर बाजूला केला. पोरीच्या मिटल्या ओठांशी वडी धरली, थोडा वेळ तशीच धरली. द्वारकीने मान हलवली. आवडू उठली, कासूकडे गेली आणि ती वडी नारूच्या तोंडात घातली. तो चावत असताना आपल्या पदराचे ते विरलेले टोक स्वतःच्या तोंडात कोंबून ती रडली, असे सांगतात.

त्या हरकावर गाव तगला. पुढे घाटाची वाट मोकळी झाली, धान्य आले. आवडू किती वर्षे जगली ह्यावर मतभेद आहेत. सासू सून शेवटपर्यंत एका ताटात जेवल्या, ह्यावर मात्र नाहीत.

शेतकी खात्याची माणसे मधे आली होती. त्यांनी बजावून सांगितले की बुरशी धरलेले धान्य धुऊन वाळवून निवळत नाही, सरळ फेकून द्या. बरोबरच आहे. आवडू कदाचित नशिबाने वाचली असेल, आणि नशिबाची परीक्षा आम्ही रोज रोज घेत नाही. पण म्हणूनच शिरसखोलच्या बायका खाष्ट वाटाव्यात इतक्या जपून असतात. कडक ऊन दाखवल्याशिवाय दाणा कणगीत जात नाही. गरम फराळावर झाकण पडत नाही, डब्यात ओला हात जात नाही. कशाला कुबट वास आला तर चव घेऊन बघू का, असे इथे विचारलेत तर लाटणे खाल. आणि घरात पहिला घास आता पुरुषाचा नसतो.

आजही चावदिसाला फराळ तयार असतो आणि गाव थांबतो. सावली सरली की धोंड्यावरची म्हातारी उठते, पहिली वडी उचलते, समोरच्या सुनेच्या पदरापाशी क्षणभर धरते आणि मग दुसऱ्याच घरच्या पोराला भरवते. स्वतःच्या नातवंडाला नाही. त्यानंतरच आम्ही सगळे खातो. दिवाळीला आलात तर बघाल. सुनेच्या मांडीवर पदराखाली काही नसते, रिकामी मांडी असते, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. तरी पोरे दरसाल न चुकता विचारतात, काय आहे गे आत? आणि ती बाई, कोणत्याही घरची असो, पदर नीट करते आणि हळूच सांगते, "गप. निजला हा."